कामाचा हिशेब : वाचलेले तास कोणाच्या खात्यावर?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या रविवारच्या अभ्यासिकेत पालकांची वर्दळ वाढते. पूर्वी प्रश्न एकच असायचा, "पोराला कॉम्प्युटरला घालावे का?" आता त्याला दुसरा प्रश्न जोडला जातो, "पण ते एआय आलंय म्हणतात, मग शिकून नोकरी मिळेल का?" विचारणारी आई चार घरची धुणीभांडी करते, वडील रिक्षा चालवतात नाहीतर महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत. बीसीएची किंवा इंजिनिअरिंगची फी म्हणजे त्यांच्या घरी अंगावरचे सोने गहाण किंवा पतपेढीचे कर्ज. अशा माणसाला "बघू, जमाना बदलतोय" एवढे सांगून परत पाठवणे बरे नव्हे.

मी स्वतः बी.कॉम. झालेला कारकून आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. म्हणून या कामात रोज हात घालणाऱ्या माणसालाच विचारले. आमच्याच वस्तीत वाढलेला हा तरुण दहा वर्षांपासून पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्या नोकरीचा प्रश्न असल्याने नाव देत नाही. त्याने सांगितलेले आणि छापून प्रसिद्ध झालेले, असे दोन्ही आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी हे यंत्र काय आहे ते थोडक्यात पाहू. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. सध्या जिची चर्चा आहे तिला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर आणि संगणकाचे असंख्य प्रोग्राम आधी दाखवले जातात. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ती त्यातून गणिताने शिकते. मग प्रश्न विचारला की शब्दामागे शब्द जोडत उत्तर रचते. उत्तर वाचायला नीटनेटके असते. ते खरे असेलच, याची हमी मात्र या रचनेत नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून हा विषय घरोघरी पोचला.

आता त्या तरुणाचे म्हणणे ऐका. "दादा, खोटे कशाला बोलू? कंटाळवाणे काम यंत्राने खरेच कमी केले. एखादी यादी, एखादा अहवाल काढायचा छोटा प्रोग्राम पूर्वी अर्धा दिवस खायचा. आता दहा मिनिटांत कच्चा मसुदा समोर येतो. पण मसुदा म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक ओळ मलाच तपासावी लागते. कधी ते अशा तयार सुट्या भागाचे नाव घालते की नाव अगदी खरे वाटते, आणि तसला भाग कुठे अस्तित्वातच नसतो."

हे मला चटकन समजले. कीर्द स्वतः लिहिलेली असेल आणि तेरीज जुळत नसेल, तर चूक कोणत्या पानावर असेल याचा आपल्याला अंदाज असतो. दुसऱ्याने सुंदर अक्षरात लिहिलेली वही हातात आली की पहिल्या पानापासून शोधावे लागते. अक्षर जितके चांगले, तितकी चूक नजरेतून निसटते.

या अनुभवाला आकड्यांचाही आधार आहे. एमईटीआर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांची २४६ कामे तपासली. काही कामे एआय घेऊन करायची, काही त्याच्याविना. कामाआधी त्यांचा अंदाज होता की एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. घड्याळाने मोजले तेव्हा एआय घेऊन केलेल्या कामाला १९ टक्के वेळ जास्त लागला होता. विशेष म्हणजे काम संपल्यावरही त्यांना वाटत होते की आपला २० टक्के वेळ वाचला. ही परीक्षा २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांची होती, आणि ती माणसे स्वतःच्या चांगल्या ओळखीच्या प्रोग्रामवर काम करत होती. त्यामुळे हाच आकडा सगळीकडे लागू करू नये. पण 'काम भराभर झाले असे वाटणे' आणि 'काम भराभर होणे' यांत किती अंतर असू शकते, हे त्यातून कळते. वरचा साहेब बहुधा वाटण्यावरच मुदत ठरवतो, आणि भोगतो खालचा.

चूक झाली तर जबाबदार कोण, हाही प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या एआय साधनाने एका उद्योजकाची चालू माहितीची पेटी, ज्याला डेटाबेस म्हणतात, ती पुसून टाकली. 'कशालाही हात लावू नको' अशी स्पष्ट सूचना दिलेली असताना हे घडले. माहिती पुढे परत मिळवता आली, आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. आमचा तरुण म्हणाला, "दादा, यंत्राला मेमो देता येत नाही. मेमो माझ्या नावाने निघतो." कोणत्याही कचेरीतल्या माणसाला हे वाक्य पटेल.

आता मुख्य मुद्दा. समजा, यंत्राने खरोखरच रोजचे दोन तास वाचवले. ते दोन तास कोणाच्या खात्यावर जमा झाले? त्या तरुणाच्या? तो पूर्वी रात्री साडेनऊला घरी पोचायचा, आजही तेव्हाच पोचतो. पूर्वी एका प्रकल्पावर होता, आता दोनवर आहे. त्याची पत्नी याच क्षेत्रात आहे आणि घरून काम करते. तिचा लॅपटॉप ओट्याशेजारी असतो. मीटिंग आणि कुकरची शिटी एकाच वेळी सांभाळते. तिचा वाचलेला अर्धा तास कंपनीनेही घेतला आणि घरानेही. तो ज्याने परत करायला हवा, त्या नवऱ्याला मी तोंडावर सांगितले, "भाजी तरी चिरत जा."

कामाचे तास आपोआप कधीच कमी झालेले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. यंत्रे तर त्याच्या आधीही वेगवान होत होती. तास कमी झाले ते मागणी आणि कायदा यांमुळे. आज वारा उलटा वाहतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे आणि रविवारच्या कामाचे वक्तव्य गाजले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांमधील दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० करण्यास मंजुरी दिली. यंत्र वेळ वाचवते म्हणायचे आणि माणसाचे तास वाढवायचे, या दोन नोंदी एका वहीत जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट नोकरीच्या भरवशाची. गिरणीचा 'बदली' आपल्या थोरामोठ्यांना ठाऊक आहे. तो सकाळी गेटवर जायचा, कोणी गैरहजर असेल तर त्याला काम मिळायचे. आयटीत प्रकल्पाविना बसलेल्या माणसाला 'बेंचवर' म्हणतात. पगार चालू असतो एवढाच फरक, टांगती तलवार तीच. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला ३५ दिवसांपेक्षा जास्त बेंच चालणार नाही असे धोरण आणले. पुढच्याच महिन्यात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे, मुख्यतः मधल्या व वरच्या जागांवरची, कमी करण्याचे जाहीर केले. हे एआयमुळे नव्हे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. कारण काहीही असो, एक ध्यानात ठेवावे. 'यंत्रामुळे नोकरी गेली' असे आपण म्हणू लागलो की निर्णयावर सही करणारा माणूस नजरेआड होतो.

आपल्या घरांना सर्वात मोठा धोका मला तिसऱ्या गोष्टीत दिसतो. नव्या पोराला कंपनी सुरुवातीला बारीकसारीक कामे द्यायची. चुका दुरुस्त करणे, छोटे प्रोग्राम लिहिणे, दुसऱ्याचे काम तपासणे. त्यातूनच तो शिकायचा. नेमकी हीच कामे यंत्राकडे जात आहेत. "आमच्या टीममध्ये पूर्वी दरवर्षी चार-पाच फ्रेशर यायचे, गेल्या वर्षी एकही आला नाही," असे तो तरुण सांगतो. ज्याच्या घरी लहानपणापासून संगणक आहे, मामा-काका मोठ्या हुद्द्यावर आहेत, तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवरही चढेल. आपला मुलगा घराण्यातला पहिला पदवीधर. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, ओळख नाही. त्याला आत नेणारी एकच वाट होती, ती खालची पायरी. ती काढून घेतली तर उद्याचे अनुभवी लोक तयार कुठून होणार, याचा विचार कंपन्यांनीही करायला हवा.

'यंत्र आपोआप शिकते' असे म्हणतात, त्यामागेही मजूर आहेत. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने उघड केले की चॅटजीपीटीतील घाण गाळण्यासाठी केनियातील कामगार तासाला दोन डॉलरहूनही कमी मजुरीवर हिंसेचे आणि अत्याचाराचे मजकूर दिवसभर वाचून त्यांवर खुणा करत होते. गटार साफ करणाऱ्याचे नाव रस्त्याच्या उद्घाटनाच्या पाटीवर नसते, तसेच हे.

मग उपाय काय? यंत्र फोडणे हा उपाय नाही, आणि हात जोडून बसणे हाही नाही. अमेरिकेत चित्रपट-मालिका लिहिणाऱ्या लेखकांच्या युनियनने २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. करारात लिहून घेतले की एआय वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, आणि यंत्राने लिहिलेला मजकूर दाखवून लेखकाचे श्रेय व मोबदला कापता येणार नाही. त्यांनी यंत्र बंद केले नाही, अटी ठरवल्या. आपल्याकडेही २०२४ मध्ये कर्नाटकात आयटीचा दिवस १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या युनियनने उघड विरोध केला. पुण्यातही 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना काम करते. "आम्ही काय कामगार आहोत का?" असे म्हणणाऱ्या पोरांना सांगा, पगार घेऊन तास विकतो तो कामगारच, मग गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी असो की नसो.

पालकांसाठी आता चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली. पॅकेजचा आकडा ऐकून मुलाला कॉम्प्युटरला घालू नका, आणि एआयच्या धास्तीने काढूही नका. त्याला गणित आणि कोडी सोडवण्याची गोडी आहे का, ते पाहा.

दुसरी. शिकताना प्रोग्राम आधी स्वतःच्या हाताने लिहायला लावा, यंत्राची मदत नंतर. महिन्यातून एकदा त्याला समोर बसवून विचारा, "हे काय लिहिलंस, मला समजावून सांग." आपल्याला कळले नाही तरी चालेल. तो अडखळला की नाही, एवढे आईला नक्की कळते. ज्याला तपासता येते, त्याचीच उद्या गरज लागणार आहे.

तिसरी. 'एआय कोर्स, शंभर टक्के नोकरी' अशा पाट्या जागोजागी लागल्या आहेत. नोकरीची हमी लेखी मागा, फी परतीची अट वाचा, मगच पैसे भरा. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर चांगल्या संस्थांचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच फी पडते. आधी तिथे दोन महिने काढू द्या.

चौथी, नोकरीला लागलेल्यांसाठी. आपले रोजचे तास वहीत लिहून ठेवा. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या घरी जपा. 'आजच्या आज राजीनामा दे' असा दबाव आला तर जागेवर सही करू नका. राजीनामा आणि कपात यांत हक्काच्या पैशाचा मोठा फरक पडतो. एक दिवस मागून घ्या, युनियनला किंवा कामगार वकिलाला विचारा.

पुढील आठवड्यात शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांविषयी लिहीन. ज्यांच्या घरी यंदा प्रवेशाचा प्रश्न आहे, त्यांनी आपल्या शंका रविवारपर्यंत कळवाव्यात.