गणिताचे गुण आणि उत्तरपत्रिका

संपादक महाशयांस,

पाल्यास गणितात कमी गुण मिळताच शिकवणी लावावी, हा गतांकातील पत्रलेखकांचा सल्ला सद्भावनेने दिलेला असला, तरी मला तो घातक वाटतो. कारण गुणपत्रक हा केवळ निकाल असून त्याचा सारा तपशील उत्तरपत्रिकेत असतो. ज्या मुलाने ४०३ मधून १७८ वजा करून ३७५ हे उत्तर लिहिले, त्यास तांबडी फुली पाहून आपण निष्काळजी ठरवतो. परंतु त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, आठातून तीन, सातातून शून्य, चारातून एक, आणि हा नियम अखेरपर्यंत निष्ठेने पाळला आहे. दशकस्थानी शून्य असता आधी शतक सुटे करावे लागते, एवढेच त्यास उमगलेले नाही. काड्यांच्या जुड्या सोडवून ते घरीही दाखवता येते. नुसती शंभर उदाहरणे घातल्याने मात्र चुकीचा नियमच दृढ होतो.

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत केवळ पर्याय रंगवायचे असल्याने मुलाने उत्तर कसे काढले याची कैफियत तेथे उमटतच नाही. म्हणूनच घटक चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका दाखविण्यास जेथे टाळाटाळ होते, तेथे पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा.

आपला,
एक पालक