अभिषेकाआधीचा राजा

'राज्यारोहण' आणि 'राज्याभिषेक' हे समानार्थी शब्द, असे मी वर्गात बिनदिक्कत सांगून टाकले होते. २०२३ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट. चाचणीत एका मुलीने दोहोंचे अर्थ वेगळे लिहिले. मी तिचा एक गुण कापला. ती उठली. "सर, मग आठवा एडवर्ड राजा नव्हताच का? त्याला अभिषेक झालाच नाही." तेवढ्यात घंटा झाली, म्हणून माझी अब्रू राहिली!

घरी येऊन पुस्तके काढली. एडवर्ड २० जानेवारी १९३६ रोजी, वडील वारले त्या क्षणी राजा झाला; ११ डिसेंबरला पायउतार झाला. त्यासाठी पार्लमेंटला कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याला संमती दिली ती त्यानेच, राजा म्हणून! अभिषेकाची तारीख ठरलेली होती १२ मे १९३७. ती कुणी मोडली नाही. मुहूर्त तोच, मांडव तोच. बोहल्यावर धाकटा भाऊ उभा राहिला, इतकेच. अलीकडे तिसरा चार्ल्सही ८ सप्टेंबर २०२२ ला राजा झाला आणि मुकुट चढला ६ मे २०२३ ला. मधल्या काळात त्याने सुनक यांना पंतप्रधान नेमले, ते कुणी बेकायदा म्हटले नाही.

मग हा सोहळा नुसता थाटमाट? तसेही नाही. अभिषेकाचे तेल पडद्याआड लावतात. कायद्याची नजर असते शपथेवर. पूर्वीचे राजे, राजांनी दिलेले कायदे पाळू म्हणत. १६८९ साली पार्लमेंटने शपथ बदलली : पार्लमेंटने केलेल्या कायद्यांप्रमाणे राज्य करीन, असे वदवून घेतले. केवढा फरक! आणि १९३७ च्या शपथेत 'हिंदुस्थानचे साम्राज्य' होते. १९५३ ला एलिझाबेथ राणीच्या शपथेत पाकिस्तान आणि सिलोन होते, आपण नव्हतो. १९५० सालीच आपण प्रजासत्ताक झालो होतो. ते वाचून मी पुस्तक मिटले नि उगाच घरात दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मुलगी पुन्हा उभी! "आणि १६७४ चा रायगड, सर?"

"तिथे उलट," मी म्हणालो. "किल्ले होते, फौज होती, कारभार होता, पण शिवाजीराजांना छत्रपती केले ते अभिषेकाने. शकसुद्धा तेव्हापासूनच सुरू झाला."

"म्हणजे शब्द वेगळेच ना?"

मी खिशातून लाल पेन काढले आणि तिची उत्तरपत्रिका मागितली.