एक बातमी, सगळा वर्ग

परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेष यांच्या रांगेत बातम्यांनाही जागा असते. एक विद्यार्थी चार-पाच मथळे वाचतो आणि मुले वर्गात जातात. चालू घडामोडींशी शाळेचा संबंध बहुतेक ठिकाणी एवढाच. पुढे स्पर्धा परीक्षांच्या तयारीत त्याच घडामोडी नेमणुका, पुरस्कार आणि क्रमवाऱ्या बनून पाठ केल्या जातात. अशाने बातमी कानावर पडते, पण कळत नाही. ती कळायची, तर एकच बातमी दोन-तीन आठवडे वर्गात राहिली पाहिजे आणि वर्गाने तिचे भाग गटागटांत वाटून घेऊन ती उलगडली पाहिजे. गटांचा आग्रह शिक्षकाच्या सोयीसाठी नाही. मोठ्या बातमीला अनेक बाजू असतात आणि त्या वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला आलेल्या असतात, म्हणून तो आहे.

कांद्याच्या निर्यातीचेच पाहा. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ला उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात ती अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५पासून तेही रद्द झाले. आता हा विषय आठवीच्या वर्गाला वाटून द्या. एका गटाने या निर्णयांच्या तारखा आणि सरकारने दिलेली कारणे जमवावीत. दुसऱ्याने लासलगाव बाजार समितीतले भाव रोजच्या वर्तमानपत्रांतून उतरवावेत, तिसऱ्याने गावातल्या किराणा दुकानातले आणि भाजीबाजारातले. चौथ्याने पीक समजून घ्यावे: लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांदा कांदाचाळीत काही महिने राहतो. मग गट एकत्र बसले की खरा अभ्यास सुरू होतो. तारखांचा गट आणि पिकाचा गट शेजारी आले, की लक्षात येते की डिसेंबरची बंदी लाल कांद्याच्या हंगामात आली. भाव पडला म्हणून माल ठेवून वाट पाहण्याची सोय शेतकऱ्याला नव्हती. बाजार समितीचा भाव आणि दुकानातला भाव शेजारी मांडला, की मधले पैसे कुठे जातात हा प्रश्न निघतो आणि वाहतूक, हमाली, घट, दुकानदाराचा नफा अशी उत्तरे शोधावी लागतात. त्याच वेळी भाव वाढला की महिन्याचा हिशेब कोलमडणारे घरही वर्गासमोर असते. एकट्याने कात्रणे चिकटवून हे प्रश्न सहसा निघत नाहीत.

गटकार्यात एक मूल राबते आणि बाकीची नावे लावतात, ही तक्रार खरी आहे. शाळांतले कितीतरी प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली चित्रे, एकीचे हस्ताक्षर आणि खाली पाच नावे. पण हा दोष कामाच्या वाटणीचा आहे. अमेरिकेत ऑस्टिन येथे १९७१मध्ये, वांशिक विभाजन संपवताना वर्गांत तणाव असताना, मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे भाग करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. आपला भाग त्यानेच इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र प्रत्येकाची आणि संपूर्ण धड्यावर. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय भागत नाही, अशी ती रचना होती. कांद्याच्या प्रकल्पातही शेवटचे टिपण प्रत्येकाने स्वतंत्र लिहावे आणि ते सगळ्या बाजूंवर असावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बातमी आली की राजकारण आले, पालक तक्रार करतील. ही भीती झटकून टाकण्यासारखी नाही, कारण मुलांवर आपले मत लादणारा शिक्षक असू शकतो. पश्चिम जर्मनीत या प्रश्नावर १९७६मध्ये बॉयटेल्सबाख येथे चर्चा झाली आणि तिथून पुढे आलेली तत्त्वे त्या देशाच्या राजकीय शिक्षणाचा पाया बनली. विद्यार्थ्यावर मत लादायचे नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि त्या परिस्थितीत आपले हित कशात आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः तपासता आले पाहिजे. निर्यातबंदी बरोबर की चूक, यावर वर्गाने ठराव करण्याची गरज नाही. कोणाचा फायदा झाला, कोणाचे नुकसान झाले आणि तसे म्हणायला आधार काय, एवढे प्रत्येकाला सांगता यावे. बातमी वर्गाबाहेर ठेवल्याने मुले राजकारणापासून दूर राहत नाहीत. मोबाइलवर फिरणारी एकच बाजू तेवढी त्यांच्या हाती उरते.

वेळेचे म्हणाल, तर शिक्षकांवर आधीच निवडणुकांची, सर्वेक्षणांची आणि माहिती भरण्याची कामे लादलेली आहेत. त्यात नवा उपक्रम घालणे अन्यायाचे होईल. पण कांद्याच्या प्रकल्पातली टक्केवारी गणिताची, हंगाम भूगोलाचे, केंद्र-राज्य अधिकार नागरिकशास्त्राचे आणि बातमीलेखन मराठीचे आहे. पहिली ते आठवीच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जागाही आहे. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या सत्रात सातवी-आठवीच्या सगळ्या विषयांना मिळून एकच प्रकल्प द्यावा आणि त्याची बातमी आपल्या तालुक्यातली निवडावी.