शिलाईतली माया

विसावा रोजा सुटला की बाजाराचा नूर पालटतो. तरावीहची लांबलेली नमाज आटोपून लोक घराकडे जायच्याऐवजी पेठेकडे वळतात. सुरमा, अत्तर, शेवया, बांगड्या आणि सगळ्यांत जास्त गर्दी कपड्यांवर. यंदा पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात आल्याने खांद्याला खांदा लागल्याशिवाय चालता येत नाही.

परवा रात्री याच गर्दीतून वाट काढत मी आमच्या टेलर मास्तरांकडे गेलो. मशिदीच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचे दुकान आहे. घराण्याचा धंदा शिंप्याचा, तिसरी पिढी. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत त्यांचे मशीन सहरीपर्यंत चालते आणि सहरीची बांग झाली की त्यांचाही चहा होतो. एके काळी दहाव्या रोज्यालाच दुकानावर ‘ईदच्या ऑर्डरी बंद’ अशी पाटी लागायची. आता पाटी नाही. लोक तयार कुर्ते घेऊन येतात, बाही आखूड करा म्हणतात, आणि दहा मिनिटांत घेऊन जातात.

मास्तरांनी असाच एक कुर्ता उलटा करून माझ्यापुढे धरला. वरून झगमगीत, गळ्याभोवती भरतकाम.

“आत बघा की भाई. माया कुठाय ह्यात? पोरगं जरा अंगाने भरलं की उसवणार. सैल करायचं म्हटलं तर कापड कुठनं आणू?”

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगायला हवे. शिलाईच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण मूल वाढले, माणूस सुटला, कपडा धाकट्याकडे गेला, की हीच माया उसवून कपडा मोठा करता येतो. जो कपडा आणखी काही वर्षे वापरला जाईल असे शिवणाऱ्याने गृहीत धरले आहे, त्यातच ती असते. कापड वाचवायचे म्हणून स्वस्तातल्या तयार कपड्यांत ती कापून टाकतात. म्हणजे तो कपडा फार टिकणार नाही हे शिवतानाच ठरलेले असते.

ईदला नवे कपडे हवेतच, अशी आपली समजूत आहे. मुस्लिमांची आहे आणि मुस्लिमेतर मित्रांचीही आहे. ईदला मला पहिला प्रश्न येतो तो “नवीन का?” हाच. खरे तर सांगितले आहे ते एवढेच: आंघोळ करा, अत्तर लावा, खजूर खाऊन नमाजला निघा, आणि तुमच्याजवळच्या कपड्यांतला जो चांगला असेल तो घाला. जवळचा, आणि चांगला. नव्याची अट नाही. नमाजच्या आधी गरिबाच्या घरी फितरा पोहोचला पाहिजे, ही मात्र ताकीद आहे. आम्ही ताकीद विसरतो आणि नसलेली अट पाळतो.

हदीसच्या संग्रहांत उम्मे खालिद नावाच्या एका लहान मुलीची हकीकत आहे. तिचे कुटुंब अबिसीनियातून मदिनेला आले होते. पैगंबर साहेबांकडे भेट आलेल्या कपड्यांत एक काळी, नक्षीची, शालीसारखी चादर होती. ती कोणाला द्यावी, असे विचारून त्यांनी या मुलीला बोलावले, स्वतःच्या हाताने तिला पांघरली आणि नक्षी दाखवून, तिला कळावे म्हणून, अबिसीनियाच्या भाषेत तिचे कौतुक केले. मग दुआ दिली. ती दुआ अशी की हा कपडा तू वापरून जुना कर, झिजेपर्यंत वापर. नवा कपडा अंगावर घालताना आशीर्वाद कसला, तर तो जुना होण्याचा! कारण कपडा जुना व्हायचा तर घालणाऱ्याला आयुष्य हवे.

हे वाचताना मला आपल्या मराठी घरांतली ‘घडी मोडण्या’ची रीत आठवते. नवी साडी आणली की आधी ती आवडत्या नणंदेला, मैत्रिणीला, शेजारणीला नेसायला द्यायची. तिने घडी मोडली की मग आपण नेसायची. आमच्या अम्मीच्या कितीतरी साड्यांची घडी समोरच्या वाड्यातल्या वहिनींनी मोडली होती, आणि त्यांच्या साड्यांची अम्मीने. पाड्याला गुढीवर जी जरीची साडी चढते ती पुष्कळ घरांत दरवर्षी तीच असते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. गुढीला चालते ते आपल्याला का चालत नाही?

अब्बांचे उदाहरण देतो, कारण मोजून सांगता येते. त्यांच्याकडे एका वेळी चार कुर्ते, चार पायजमे, दोन टोप्या आणि एक शेरवानी असे. कापड इचलकरंजीचे पांढरे पॉपलिन, ओळखीच्या यंत्रमागवाल्याकडून घेतलेले. दुकानात ते कापड उजेडापुढे धरून वीण पाहत. मग चोळून बघत. खळ फार असेल तर पांढरी पूड बोटाला लागते आणि पहिल्या धुण्यात कापडाचे जाळे होते. घरी आणल्यावर ते रात्रभर पाण्यात भिजवायचे, सावलीत वाळवायचे, आणि मगच मास्तरांकडे द्यायचे. सुती कापड आटायचे ते शिवण्याआधीच आटावे म्हणून. ही एक रात्र आता कोणाकडे नाही.

कुर्ता कळीचा. पुढचा-मागचा पाट, दोन बाह्या, बाजूच्या कळ्या आणि बगलेत एक चौकोनी तुकडा. या बेतात कापड फारसे वाया जात नाही. कुर्ता सगळ्यांत आधी फाटतो तो बगलेत, घामाने. तो चौकोन बदलला की कुर्ता पुन्हा उभा राहतो. शर्टाची कॉलर झिजली तर मास्तर ती उसवून, उलटवून पुन्हा लावत. आतली कोरी बाजू वर येई. हे काम करून घ्यायला आज लाज वाटते. आणि बरीच तरुण मुले कॉलर उलटवता येते हेच ऐकून चकित होतात.

अब्बांच्या कुर्त्याचा प्रवास ठरलेला होता. पहिले वर्ष तो ईदचा आणि जुम्म्याचा. मग कचेरीचा. मग घरातला. पाठीत विरळ झाला की दादी त्याचे उशीचे अभ्रे करी, उरलेल्याची गोधडी. अगदी शेवटी तो स्वयंपाकघरात तवा धरायला. दादीच्या गोधडीत मला बोट ठेवून दाखवता येई की हा अमुक ईदचा कुर्ता, ही फुफीच्या लग्नातली ओढणी.

हे सगळे सांगताना मी माझे कपाट उघडले नसते तर बरे झाले असते. मागच्या काही ईदचे सात कुर्ते निघाले. नेहमी घालतो ते दोन. बाकीच्यांतला एक टोचतो, एकाचा रंग मुलाने पसंत केलेला, आणि तीन पॉलिस्टरचे. त्यांत चैत्राच्या उन्हात रोजा धरून बसणे ही स्वतंत्र इबादत आहे. पॉलिस्टर निघते खनिज तेलापासून, घाम शोषत नाही, आणि फेकले तरी मातीत मिसळत नाही. पण सुताचेही फार कौतुक करून चालणार नाही. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी जपून वापरा, अशी शिकवण आम्ही मुलांना तोंडपाठ करवतो. कपाटात न घातलेले पाच कुर्ते लटकत असतात तेव्हा त्या पाण्याचा हिशेब कोणी करत नाही.

साधेपणा म्हणजे गबाळेपणा, असाही अर्थ कोणी काढू नये. चांगला कपडा, चांगला जोडा आवडणे हा गर्व आहे का, असे एकाने पैगंबर साहेबांना विचारले होते. त्यांनी त्याला गर्व म्हटले नाही. अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे, असे सांगितले. बंधन आले ते मिजाशीवर. हजरत उमर यांनी ईदसाठी आणि परगावच्या पाहुण्यांसमोर घालायला म्हणून बाजारातून रेशमी झगा आणला, तो त्यांनी नाकारला. आमच्या विणकरांनी यातून वाट काढली ती कौतुकाची आहे. मशरू नावाच्या कापडात रेशीम वर दिसते आणि अंगाला सूत लागते. मशरू म्हणजेच शरियतला चालणारे. गुजरातेत पाटणला ते विणले जात आले आहे. औरंगाबादचा हिमरूही सूत आणि रेशमाच्या मेळातला. असले वस्त्र एकदा घेतले की पिढीला पुरे. आज आपण त्या किमतीला, आणि कधी त्याहून जास्तीला, वर्षभरही न टिकणारे ढिगाने घेतो.

यात खरा जीव जातो तो हातावर पोट असलेल्यांचा. यंत्रमागावर पाळी करणारा माणूस तीन मुलांचे ईदचे कपडे वहीवर घेतो आणि बकरी ईदपर्यंत फेडत राहतो. आता मोबाईलवरचा हप्ताही आला आहे. शबे-कद्रच्या शोधात ज्या रात्री जागायच्या त्या दुकानांच्या रांगेत जातात. बायकांवर दडपण अधिक. माझी पुतणी गेल्या वर्षीचा सुंदर ड्रेस घालायला तयार नव्हती. तिचे म्हणणे, “तो फोटोत येऊन गेलाय.” तिला मी काय सांगणार? एकदा फोटो निघाला की कपडा शिळा, हे तिला आम्हीच शिकवले.

लहान मुलांना मात्र मी यातून वगळतो. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधल्या हामिदच्या पायात जोडा नाही आणि डोक्यावर जुनी टोपी आहे. ती गोष्ट वाचून मोठ्यांचे डोळे भरून येतात, पण हामिदच्या वयाच्या पोराला ती गंमत नसते. वर्षातून एक नवा कपडा मिळणाऱ्या मुलाला कोणी काटकसर शिकवू नये. त्याला घेऊन द्या, एकच घ्या, चांगला घ्या, आणि आत माया ठेवायला सांगा. व्यापाऱ्यांचे काय, असा प्रश्न येईलच. पेठेतली निम्मी वर्षाची कमाई या महिन्यात होते, असे दुकानदार सांगतात, आणि ते खोटे नसावे. पण तो पैसा चांगल्या कापडावर, शिलाईवर, रफूवर गेला तर पेठेतच राहील. रफूगाराला आज शोधावे लागते.

आणि एक नाजूक गोष्ट. जकातीच्या दिवसांत जुन्या कपड्यांची गाठोडी निघतात. त्यांत तुटक्या चेनची पँट, डाग पडलेली ओढणी. कुरआनात बजावले आहे की जे स्वतः घेताना तोंड फिरवाल ते दुसऱ्याला देऊ नका. द्यायचे तर धुऊन, गुंडी लावून, इस्त्री करून द्यावे. नाहीतर गोधडी करावी.

हजरत अबू बकर यांनी अखेरच्या आजारात सांगितले होते की अंगावरचाच जुना कपडा धुऊन माझ्या कफनात घ्या, नव्याची गरज मेलेल्यापेक्षा जिवंत माणसाला जास्त असते. ते तेव्हा खलिफा होते.

मी मास्तरांकडे गेलो होतो ते अब्बांची शेरवानी घेऊन. त्यांच्या निकाहची, मास्तरांच्या वडिलांनी शिवलेली. माझ्या मुलाला ती खांद्यात बसते, छातीला आवळते. मास्तरांनी अस्तर थोडे उसवले, बोटाने चाचपले.

“दीड इंच आहे दोन्ही बाजूंना. बापूंनी ठेवलीय.”

बाहेरचे कापड उन्हाने फिके पडले आहे, आतली माया अजून गडद. दोन्ही बाजूंना एकेक पट्टा दिसेल, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले. मुलाला विचारले तर म्हणाला, दिसू दे. एक गुंडी कमी आहे. तशी गुंडी वडिलांच्या डब्यात सापडते का ते मास्तर बघणार आहेत, आणि सत्ताविसाव्या रोज्याला तरावीहनंतर बोलावले आहे.