डब्यातला वाटाड्या

आमच्या घरी एके काळी दोन वाटाडे होते. पहिले माझे वडील. अप्पांचे सारे आयुष्य भूमापन खात्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या चढउतारांवर साखळी ओढण्यात गेलेले. दुसरा मी २०१० साली हौसेने विकत आणला. तळहाताएवढा चपटा डबा; रबरी वाटीने मोटारीच्या पुढच्या काचेला चिकटायचा, सिगारेट पेटवायच्या भोकातून वीज घ्यायचा आणि एका बाईच्या गोड आवाजात ‘तीनशे मीटरवर उजवीकडे वळा’ असे सांगायचा. वळण चुकले तरी ती बाई रागावत नसे. क्षणभर गप्प बसे आणि नवा रस्ता काढून देई. ‘शेजारी बसून हे मला कधी जमलं नसतं,’ असा आमच्या सौभाग्यवतींनीही निर्वाळा दिला.

अप्पांनी मात्र डबा उलटसुलट करून विचारले, “याला कळतं कसं रे?”

मला तेवढेच हवे होते. म्हटले, “अप्पा, वर सुमारे वीस हजार किलोमीटरवर अमेरिकेचे उपग्रह फिरताहेत. प्रत्येकात अणुघड्याळ. ते वेळ सांगतात. निरोप यायला किती वेळ लागला, त्यावरून हा डबा अंतर काढतो. असे चार उपग्रह दिसले की जागा सापडली! घड्याळात सेकंदाचा दशलक्षांश भाग चुकला, तर तीनशे मीटरची चूक. पूर्वी लष्करासाठी मुद्दाम थोडी चूक घालून ठेवीत, तीही २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली.”

“म्हणजे आपण कुठं आहोत, ते तो वरून घेतो,” अप्पा म्हणाले. “आणि रस्ता?”

“रस्त्यांचा नकाशा आतच भरलेला असतो.”

“हं,” एवढेच म्हणून त्यांनी डबा परत दिला.

२०११ सालची भाऊबीज. आत्या गुहागरला. दरवर्षी तीच ठाण्याला यायची, त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून अप्पा म्हणाले, “या खेपेला मीच जातो.” जेवणे आटोपून निघायला दुपारचे दोन वाजले आणि पनवेल-पेणच्या गर्दीने आणखी वेळ खाल्ला. कशेडी घाट उतरून खेडजवळच्या भरणे नाक्यावर आलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. बाई म्हणाल्या, “उजवीकडे वळा.”

मागून अप्पा म्हणाले, “अरे, सरळ चिपळूणवरून जाऊ या.”

“अप्पा, हा रस्ता जवळचा आहे म्हणूनच सांगतेय ना ती! हे उपग्रहावरून येतं.”

अप्पा गप्प बसले. मी उजवीकडे वळलो.

दापोली गेली, वळणे संपली आणि सव्वादहाला दाभोळच्या धक्क्यावर रस्ताच संपला. पुढे काळेभोर पाणी. खाडीपलीकडे धोपाव्याचे दिवे लुकलुकत होते. मोटारी पलीकडे नेणारी बोट बांधून ठेवलेली. शेवटची फेरी गेली होती. पडद्यावर मात्र पाण्यावरून सरळ रेघ काढलेली, आणि बाई शांतपणे सांगत होत्या, “फेरीबोटीत चढा.” पलीकडून गुहागर हाकेच्या अंतरावर. अप्पा काचेतून त्या दिव्यांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “ती जेवायची थांबली असेल.”

आलो तसे मागे फिरलो. दापोली, पुन्हा भरणे नाका, चिपळूण, मग गुहागर. शंभरावर किलोमीटरचा वळसा. मोटारीत कोणी बोलले नाही. बाईंनाही मी बंद करून टाकले होते. अडीच वाजता पोहोचलो. ओटीवर दिवा होता आणि दिव्याखाली, ताट तयार ठेवून, आत्या बसलेली.

“चुकली गं यंदाची भाऊबीज,” अप्पा म्हणाले.

“चुकली कशी, दादा? सूर्य उगवेपर्यंत आजचाच दिवस. बस पाटावर.”

सकाळी चहाच्या वेळी मी डब्याला शिव्या घालू लागलो, तेव्हा अप्पांनी थांबवले. “त्याला कशाला बोलतोस? आपण धक्क्यावर होतो, त्याने धक्काच दाखवला. घड्याळं बिनचूक. पण नकाशात बोटीची रेघ आहे, बोटीची वेळ नाही. मीही जन्मभर नकाशेच केले. नकाशा केला त्या दिवसापुरता खरा असतो. पुढं दरड कोसळते, पूल होतो, वाट मोडते.”

“मग नाक्यावर तुम्ही जोर का नाही धरलात?”

“गाडी तू चालवत होतास,” अप्पा म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

वाचकहो, ते वाक्य मला दाभोळच्या खाडीपेक्षा खोल वाटले. डब्यात दोन गोष्टी असतात. आपली जागा आकाशातून येते, तिच्यावर बहुधा विश्वास ठेवावा. रस्ता माणसांनी नोंदलेला असतो, तो तपासून घ्यावा. मी दोन्हींना एकच समजलो आणि मागच्या बाकावरचा खरा जाणकार गप्प केला.

तेव्हापासून काही नियम पाळतो. निघण्यापूर्वी सारा रस्ता पडद्यावर डोळ्यांखालून घालतो. वाटेत फेरीबोट असेल तर ती टाळण्याची सोय यंत्रातच असते, ती वापरतो. ‘सर्वांत जवळचा’ रस्ता न मागता ‘लवकर पोहोचवणारा’ मागतो. मोटार चालू असताना बोटे पडद्याला लावीत नाही. ते काम शेजारच्या माणसाचे.

आता ती बाई डबा सोडून खिशातल्या फोनात राहायला आली आहे. तिचा नकाशा वरचेवर ताजा होतो, गर्दीही तिला कळते. तरी गुहागरला जाताना भरणे नाक्यावर मी मोटार बाजूला घेतो, चहा सांगतो आणि विचारतो, “शेवटची फेरी कितीची हो?” मग मागे वळून घरच्यांनाही विचारतो, “कुणाला काही म्हणायचं आहे का?”