आधी प्रोसेसर ओळखा, मग सिस्टिम टाका



दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पालक सभेत आपल्या शाळेच्या कॉम्प्युटर कक्षाचा विषय निघाला होता. कक्षात बारा कॉम्प्युटर आहेत आणि सगळ्यांवर विंडोज ७ होती. मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीच बंद केली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही नेहमीची मोफत देखभाल थांबवली. म्हणजे अशा सिस्टिमवर मुलांना इंटरनेट देणे आता सुरक्षित नाही. काहीतरी करणे भाग होते, याबद्दल सभेत कोणाचे दुमत नव्हते.

एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने दोन-तीन कॉम्प्युटर चालू केले, पडद्यावर '३२-बिट' हे शब्द पाहिले आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "साहब, सब ३२-बिट हैं, भंगार में दे दो।" सोबत बारा नव्या कॉम्प्युटरांचे कोटेशनही दिले. आपली शाळा माजी विद्यार्थ्यांच्या आणि समाजातल्या मंडळींच्या वर्गणीवर चालते. तो आकडा ऐकून सभेत शांतता पसरली.

त्या माणसाची नियत वाईट होती असे मी म्हणत नाही. त्याने पाहिले ते खरेच होते, पण त्याने पाहिली ती सिस्टिम. प्रोसेसर त्याने पाहिलाच नाही. विंडोज ७ च्या माहितीच्या पानावर 'सिस्टिम टाइप' या ओळीत फक्त टाकलेली सिस्टिम किती बिटची आहे एवढेच लिहिलेले असते. आतला प्रोसेसर किती बिटचा आहे, हे ती ओळ सांगत नाही. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज आरामात चालते. आपल्याकडे नेमके हेच झाले होते. पूर्वी कोणीतरी हाताशी होती ती सीडी घालून सिस्टिम टाकली आणि पुढे सगळ्यांनी त्यालाच मशीनची जात समजले.

सुट्टीत नववीची दोन मुले आणि मी कक्षात बसलो. एकेका मशीनच्या प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि नंबर वहीत उतरवला. मग प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीशी तो ताडून पाहिला. बारापैकी दहा ६४-बिट निघाले! खरे ३२-बिट फक्त दोन.

या कामात एक गोष्ट पक्की कळली. नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. इंटेलचा 'कोअर ड्युओ' ३२-बिट आहे आणि त्याच वर्षी, २००६ मध्ये, आलेला 'कोअर २ ड्युओ' ६४-बिट. मधल्या एका आकड्याने सगळा फरक पडतो. 'पेंटियम ४' तर त्याहून फसवा. सुरुवातीचे ३२-बिट, नंतरचे बरेचसे ६४-बिट, आणि डब्यावरचे स्टिकर मात्र सारखेच. आपल्याकडच्या तीन पेंटियम ४ मध्ये एक ६४-बिट निघाला. म्हणून स्टिकरवर थांबू नये, पूर्ण नंबर पाहावा.

लिनक्सची फाईल उतरवताना एका मुलाने विचारले, "काका, आपल्याकडे इंटेलचा प्रोसेसर आहे, मग फाईलच्या नावात एएमडी ६४ का?" प्रश्न फार चांगला होता. पुष्कळ मोठी माणसेही इथेच अडतात आणि चुकीची फाईल घेतात. आज घरोघरी असलेली ही ६४-बिट रचना एएमडी कंपनीने आधी आणली. तिचा ऑप्टेरॉन प्रोसेसर एप्रिल २००३ मध्ये बाजारात आला. इंटेलने २००४ पासून तीच रचना उचलली. म्हणून नाव एएमडीचे राहिले, पण फाईल दोघांनाही चालते. उलट 'आयए ६४' हे नाव पाहून कोणी ती इंटेलची समजून घेईल तर फसेल. ती आयटेनियम नावाच्या वेगळ्याच प्रोसेसरसाठी होती आणि तो आता बंदही झाला आहे.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? टाकून पाहावे, चालले तर चालले. ३२-बिट मशीनवर ६४-बिट सिस्टिम टाकायला गेलात तर ती सुरूच होत नाही, एवढाच तोटा असता तर गोष्ट वेगळी. पण बहुतेक वेळा तोवर कोणीतरी जुनी डिस्क पुसून बसलेला असतो. उलट बाजूही आहे. ३२-बिट सिस्टिमला साधारणपणे ४ जीबीपर्यंतच मेमरी वापरता येते. चांगल्या मशीनवर ती टाकली, तर पुढे वाढवलेली मेमरी वाया जाते. माप न घेता कापड कापणाऱ्या शिंप्याला आपण दुसऱ्यांदा कपडा देतो का?

हेही खरे की आपली मशीन जुनी आहेत. विंडोज ११ त्यांच्यासाठी नाही. ती इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य करते. म्हणून दहा मशीनवर डेबियन १३ हलक्या पडद्यासह टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ३२-बिट कॉम्प्युटरसाठी नव्याने सिस्टिम टाकण्याची सोय उरलेली नाही. म्हणून दोन ३२-बिट मशीनवर आधीची डेबियन १२ टाकली आणि त्यांना इंटरनेटपासून दूर, टंकलेखनाच्या सरावासाठी ठेवले. ब्राउझरमध्ये चार पाने एकदम उघडली की ही मशीन दमतात, हे कबूल. पण मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते आणि प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे त्यांवर नीट चालतात. खर्च आला तो दोन पेन ड्राइव्हचा आणि थोड्या मेमरीचा.

नवे कॉम्प्युटर घेऊच नयेत असे माझे म्हणणे नाही. वर्गणी जमेल तेव्हा दोन-चार अवश्य घ्यावेत. पण नव्यालाही हीच परीक्षा लावावी. आता बाजारात असेही लॅपटॉप आहेत की ज्यांचा प्रोसेसर इंटेल-एएमडीच्या घराण्याचा नसून मोबाईलसारखा एआरएम जातीचा असतो. ॲपलने २०२० पासून तोच मार्ग धरला. तो प्रोसेसर वाईट नाही, पण नेहमीची एएमडी ६४ फाईल त्यावर चालत नाही. म्हणजे आता '३२ की ६४' एवढे विचारून भागत नाही, 'घराणे कोणते' हेही विचारावे लागते.

शाळेच्या व्यवस्थापनाला माझी विनंती आहे. प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटे कार्ड चिकटवावे. त्यावर प्रोसेसरचे पूर्ण नाव व नंबर, घराणे, किती बिट, मेमरी किती, कोणती सिस्टिम कोणत्या तारखेला टाकली, एवढे लिहावे. हे काम आठवी-नववीच्या मुलांनी एका तासात करावे. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर सिस्टिम आणि प्रोसेसर दोन्हींची जात दिसते. लिनक्समध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की प्रोसेसर कोणकोणत्या बिटमध्ये चालतो ते पडद्यावर येते. दुरुस्तीला येणाऱ्याने आधी कार्ड वाचावे, मगच हात लावावा. आणि काही पुसण्याआधी मुलांच्या फाईलींची प्रत काढलीच पाहिजे.

यात पैसे वाचले हा एक लाभ झाला. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा. त्या दोन मुलांनी मोठ्या माणसाचा निकाल ऐकला आणि तरीही स्वतः उघडून पाहिले. पुढच्या वेळी कोणी घरी येऊन "हे भंगारात द्या" म्हणाले, तर ही मुले आधी नंबर विचारतील. कॉम्प्युटर कक्षाने एवढे शिकवले तरी पुष्कळ झाले.

— एक माजी विद्यार्थी व पालक, इंदूर