नमुना उत्तराचे लिमरिक

इंग्रजीच्या तासाला शब्दखेळ हवेत कशाला, असे आपल्या मंडळातील ज्येष्ठ वारंवार विचारतात. माझी तक्रार नेमकी उलट आहे : शाळेत खेळ होतच नाही. नववीतल्या माझ्या नातवाच्या वहीत एक लिमरिक आढळले. पाच ओळींची ती चावट कविता. तीच, स्वल्पविरामांसकट, वर्गातील प्रत्येकाच्या वहीत होती! बाईंनी ती फळ्यावर लिहून दिलेली, परीक्षेत तीच उतरवायची. सर्जनशील लेखनालाही 'नमुना उत्तर' असते, ही कल्पना ज्या मस्तकातून निघाली त्याला साष्टांग नमस्कार.

लुईस कॅरल हा गणिताचा अध्यापक. १८७७ साली त्याने एक खेळ रचला : दर पायरीस एकच अक्षर बदलावयाचे, मधला प्रत्येक शब्द अर्थपूर्ण हवा, आणि 'हेड'चे 'टेल' करून दाखवायचे. पाच पायऱ्यांत ते होते. नातवाला मी हे कोडे घातले, तेव्हा तो तासभर शब्दकोशातून वर आला नाही. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइटने तर 'ई' हे अक्षर वर्ज्य करून १९३९ साली अख्खी कादंबरी प्रसिद्ध केली. यांना परकी थेरे म्हणणाऱ्यांनी मोरोपंतांचे 'निरोष्ठ रामायण' आठवावे. ओष्ठ्य वर्ण टाळून पंतांनी रामकथा सांगितली, तीही कोणी गुण देणार म्हणून नव्हे.

बाईंनी फळा पुसावा. चाळीस वह्यांत चाळीस फसलेली लिमरिके आली, तर ती तपासावयास मी विनामूल्य येईन.